घड्याळात ४२.२, फिनिश लाइन अजून पुढेच: मोठ्या शहरातली मॅरेथॉन ठरवलेल्या वेळेत कशी पळावी

चार तासांच्या आत यायचंच, असं ठरवून मी पहिल्यांदा एका मोठ्या शहराच्या मॅरेथॉनमध्ये उतरलो, तेव्हा मनगटावरचं घड्याळ शेवटपर्यंत सगळं आलबेल असल्याचं सांगत होतं. सरासरी पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ५:३९. घड्याळात ४२.२ किलोमीटर भरले तेव्हा वेळ होती ३:५८:३०. फिनिशची कमान मात्र अजून अर्धा किलोमीटर लांब होती. अधिकृत वेळ लागली ४:०१:२०.

चार महिन्यांच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. वेळ गळाली ती हिशोबात. म्हणून या लेखात ताकद कशी कमवायची हे थोडक्यात आहे आणि कमावलेली ताकद त्या गर्दीत न सांडता फिनिशपर्यंत कशी न्यायची, हे सविस्तर. उदाहरण सगळीकडे चार तासांचं घेतलं आहे. तुमचं लक्ष्य वेगळं असेल तर आकडे बदला, पद्धत तीच राहील.

लक्ष्य आधी तपासून घ्या

गोल आकडा सगळ्यांनाच आवडतो, पण पायांना त्याची पर्वा नसते. तुमच्या ताज्या हाफ मॅरेथॉनच्या वेळेपासून सुरुवात करा. पीट रीगल या अमेरिकन इंजिनिअरने १९७७मध्ये मांडलेलं सूत्र आजही बहुतेक कॅल्क्युलेटर वापरतात. त्यानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते. म्हणजे १:५५ची हाफ असेल तर फुल ३:५९:४६.

हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. आठवड्याला ८०-९० किलोमीटर पळणाऱ्यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. नोकरी-संसार सांभाळून ४०-५० किलोमीटर पळणाऱ्या माझ्यासारख्यांनी २.१५ ते २.२ने गुणावं, असं माझं मत. त्या हिशोबाने १:५०ची हाफ ३:५६:३० ते ४:०२ देते. म्हणजे चार तास फोडायचे तर हाफ १:५०च्या आत हवी. ती शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी, ताज्या पायांनी आणि मनापासून पळलेली असावी. सहा महिन्यांपूर्वीची, थंडीतली, उतारावरची हाफ पुरावा म्हणून चालत नाही.

लक्ष्यं तीन लिहून ठेवा. सगळं जुळून आलं तर ३:५९, दिवस साधारण असेल तर आधीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा एक सेकंद कमी, आणि दिवसच वाईट निघाला तर धडधाकट फिनिश. दुसरं लक्ष्य आधी ठरलेलं नसेल तर पहिलं निसटताच माणूस चालायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि स्वतः केलंही आहे.

कोर्स वाचा

कोर्स म्हणजे शर्यतीचा मार्ग. केनियाच्या केल्विन किप्टमने २:००:३५चा विश्वविक्रम ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत केला. त्याच्याच देशाच्या एलियुड किपचोगेने आपले दोन्ही विश्वविक्रम, २०१८ आणि २०२२चे, बर्लिनमध्ये केले. दोन्ही कोर्स सपाट आहेत, हा योगायोग नाही. न्यूयॉर्कची सुरुवातच व्हेराझानो-नॅरोज पुलाच्या चढाने होते, साधारण २५व्या किलोमीटरला क्वीन्सबरो पूल येतो आणि ३७च्या आसपास फिफ्थ अव्हेन्यूचा लांबलचक चढ. बॉस्टन एकूणात खाली उतरतं, तरी न्यूटन भागातल्या टेकड्या नेमक्या तिसाव्या किलोमीटरच्या अलीकडे-पलीकडे येतात. सुरुवातीच्या उतारांवर मांड्या फुटून गेल्या असतील तर त्यांतली शेवटची, हार्टब्रेक हिल, नावाला जागते. लंडनचे पहिले पाच किलोमीटर उताराचे, त्यामुळे तिथे नकळत वेग वाढतो.

तुमच्या शर्यतीचा उंचीचा आलेख घ्या आणि त्यावर फक्त तीन खुणा करा: कुठे फुकटचा वेग मिळतो, कुठे चढाला सेकंद द्यावे लागतात आणि कुठे घड्याळ वेडं होतं. या तिसऱ्या खुणेकडे मी खाली परत येईन.

नाव नोंदवताना अपेक्षित वेळ खरी लिहा. त्यावरून तुमचा सुरुवातीचा गट, म्हणजे कोरल, ठरतो. खरीपेक्षा वेगवान लिहिलीत तर तुमच्यापेक्षा वेगवान लोक तुम्हाला ओढत नेतील. मंद लिहिलीत तर पहिले आठ किलोमीटर लोकांना ओलांडण्यात जातील. दोन्हीची किंमत शेवटी तिशीनंतरच मोजावी लागते.

सोळा ते अठरा आठवडे

ट्रेनिंगवर ढीगभर साहित्य आहे, म्हणून मोजकंच सांगतो. आठवड्यातलं बहुतेक पळणं इतकं हळू असावं की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. एक दिवस टेम्पो (सलग, जरा वेगाने) किंवा इंटरव्हल (वेगाचे छोटे तुकडे, मध्ये विश्रांती), एक दिवस लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. लाँग रन ३०-३२ किलोमीटर किंवा सव्वातीन तास, यातलं जे आधी होईल तिथे थांबा. त्यापुढे फायदा थोडा आणि डागडुजी मोठी.

वेळेचं लक्ष्य असेल तर मात्र एक गोष्ट टाळता येणार नाही: लाँग रनच्या आत मॅरेथॉन पेस. आधी १५-१६ किलोमीटर निवांत आणि मग १२-१३ किलोमीटर ५:३९ने. थकल्या पायांना तो वेग कसा लागतो हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. अशा तीन-चार रन शेवटच्या आठ आठवड्यांत झाल्या आणि त्यातली शेवटची दमछाक न होता संपली, तर लक्ष्य खरं आहे. दोन वेळा प्रयत्न करूनही पेस टिकला नाही, तर आकडा तेव्हाच बदला. शर्यतीच्या दिवशी चमत्कार होतो म्हणतात. माझ्या वाट्याला अजून आलेला नाही.

शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर, म्हणजे पळणं कमी करत नेणं. किलोमीटर निम्म्यावर आणा, पण थोडं वेगाचं पळणं चालू ठेवा. या दिवसांत गुडघा दुखतोय, घसा धरलाय, पाय जड झालेत असं सगळं वाटतं. बहुतेक वेळा ते मनाचे खेळ असतात.

४२.१९५ म्हणजे नेमकं किती?

हे अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून आलं आणि १९२१मध्ये अधिकृत ठरलं, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. ते मोजतात कसं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मोजणीकार काटेकोर तपासलेल्या सायकलला चाकाचे फेरे मोजणारं यंत्र लावून, वळणांच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने कोर्स मोजतात. कोर्स चुकून आखूड भरू नये म्हणून वर ०.१ टक्का, म्हणजे ४२ मीटर, जास्तीचे धरतात.

याचा अर्थ ४२.१९५ हे कमीत कमी अंतर आहे. तुम्ही त्यापेक्षा जास्तच पळणार. किती जास्त, ते तुमच्या हातात. काटकोनी वळण तुम्ही तीन मीटर बाहेरून घेतलंत तर पावणेपाच मीटर वाढतात. अशी तीस वळणं झाली की १४० मीटर, म्हणजे आपल्या वेगाने पाऊण मिनिट. त्यात लोकांना डावी-उजवीकडून ओलांडणं, पाण्याच्या टेबलापर्यंत तिरकं जाणं, ओळखीच्या चेहऱ्याला टाळी देण्यासाठी रस्ता ओलांडणं मिळवा. एक टक्का सहज वाढतो: ४२० मीटर, दोन मिनिटांपेक्षा जास्त. माझी ४:०१:२० इथेच आहे.

उपाय साधा आहे. पुढचं वळण दिसलं की त्याच्या आतल्या कडेकडे आत्तापासूनच सरळ रेषेत निघा. काही शहरांत रस्त्यावर निळी रेषा आखलेली असते, ती मोजणीच्या मार्गाला धरून असते. सापडली तर सोडू नका. आणि गर्दीत शिरून पुढे जाण्याचा मोह झाला की मनात म्हणा, आत्ता वाचवलेले दोन सेकंद मी मीटरमध्ये परत देतोय.

घड्याळाला किती मान द्यायचा

जीपीएसचे सिग्नल उंच इमारतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि बोगद्यात पोहोचतच नाहीत. शिकागोत सुरुवातीलाच रस्ता बांधकामाखालून जातो. तिथे घड्याळाने ४:१०चा पेस दाखवला म्हणून घाबरून मंद झालेले किंवा ७:३०चा दाखवला म्हणून धावत सुटलेले लोक दर वर्षी असतात. लंडनच्या कॅनरी वॉर्फच्या काचेच्या मनोऱ्यांमध्येही हीच तऱ्हा. आलेखावरची तिसरी खूण ती हीच.

म्हणून शर्यतीच्या दिवशी दोन बदल करा. घड्याळ स्वतःच किलोमीटर मोजून नोंदवतं ते ऑटो लॅप बंद करून किलोमीटरच्या पाटीपाशी बटण स्वतः दाबा. आणि स्क्रीनवर एकूण वेळ मोठी दिसेल असं लावा, क्षणाक्षणाचा पेस काढून टाका. मनगटावर पाच-पाच किलोमीटरची वेळ लिहिलेली पट्टी बांधा. तिशीनंतर गुणाकार होत नाही. मी एकदा ३४ला सात जोडताना अडखळलो होतो.

अचूक चार तासांसाठी खरा पेस ५:४१ पडतो आणि पट्टी अशी दिसते: ५ किमी २८:२६, १० किमी ५६:५३, हाफ २:००:००, ३० किमी २:५०:३८, ३५ किमी ३:१९:०४, ४० किमी ३:४७:३१. पण ही काठावरची पट्टी आहे, ती कुणी बांधू नये. माझी पट्टी वेगळी आहे. पहिले ५ किमी २८:५०, म्हणजे मुद्दाम २४ सेकंद उशिरा. त्यानंतर प्रत्येक पाचाला २८:१५. हाफ १:५९:४७ला, ४० किमी ३:४६:३५ला आणि शेवटचे २.१९५ त्याच वेगाने पळून ३:५८:५९. पाट्यांनुसार ५:३९ने पळताना घड्याळ मधूनमधून ५:३५ दाखवेल. दाखवू दे. पाटी खरी मानायची.

शेवटचे दोन दिवस

स्नायू आणि यकृत मिळून साधारण २,००० कॅलरींचं ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, राखून ठेवतात. पळताना खर्च ढोबळमानाने किलो वजनामागे किलोमीटरला एक कॅलरी. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला जवळपास २,७००. थोडी चरबी जळते, पण वेग जितका जास्त तितका भार ग्लायकोजेनवर. ३०-३५ किलोमीटरच्या दरम्यान 'वॉल' येते, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपल्यासारखी वाटते, ती या वजाबाकीतून.

म्हणून शेवटचे दीड-दोन दिवस वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं घ्या. ६५ किलोला हे पाचशे ग्रॅमच्या वर जातं, आणि ते एका जेवणात रेटून होत नाही. दिवसभर थोडं थोडं, कमी तंतुमय, कमी तेलकट, ओळखीचं खाणं. ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठतं, त्यामुळे वजन किलो-दीड किलोने वाढेल. ते वजन नव्हे, इंधन आहे.

एक्स्पोला, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनाला, जा, बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्या आणि बाहेर पडा. नव्या शहरात फिरायचा मोह मोठा असतो, पण प्रेक्षणीय स्थळं सोमवारीही तिथेच असतात. एक्स्पोत विकत घेतलेले बूट, मोजे, जेल (पळताना खायचं पाकिटातलं गोड इंधन) यांतलं काहीही रविवारी वापरायचं नाही. झोप परवाच्या रात्रीची महत्त्वाची; आदल्या रात्री नाही लागली तरी बिघडत नाही.

हवामान आदल्या संध्याकाळी पाहा आणि लक्ष्य तेव्हाच ठरवा. ५ ते १२ अंश हे स्वप्न. १८-२०च्या वर पारा आणि हवेत दमटपणा असेल तर मी पेसमध्ये किलोमीटरला पाच ते दहा सेकंद सोडतो. दुपारी शरीर ते सोडायला लावण्यापेक्षा सकाळी आपण सोडलेले बरे.

सुरुवातीच्या रेषेपाशी

मोठ्या शर्यतीत सकाळचे दोन-तीन तास वाट बघण्यात जातात. टाकून देता येतील असे जुने कपडे अंगावर, खाली बसायला प्लास्टिकचा तुकडा, शौचालयासाठी दोनदा रांगेत उभं राहण्याइतका वेळ. न्याहारी तीन तास आधी. कोरल बंद होण्याची वेळ सुरुवातीच्या वेळेपेक्षा वेगळी असते, ती पाठ करा.

बिबमधली चिप तुम्ही सुरुवातीच्या रेषेवरच्या मॅटवर पाय ठेवल्यावर मोजायला लागते, त्यामुळे रेषेपर्यंत पोहोचायला वीस मिनिटं लागली तरी काही जात नाही. पेसरच्या, म्हणजे ठरावीक वेळेच्या वेगाने पळून इतरांना सोबत नेणाऱ्या धावपटूच्या, मागे जाणार असाल तर तो रेषेवरून कधी गेला ते बघून ठेवा. तो तुमच्या ४० सेकंद आधी गेला असेल तर त्याला गाठण्याची गरजच नाही. त्याच्यामागे ४० सेकंदांवर राहिलात तरी तुम्ही बरोबरीत आहात. मी पेसरच्या घोळक्यात शिरत नाही. पाण्याच्या टेबलापाशी तो घोळका म्हणजे रेल्वेचा डबा असतो.

पळताना

पहिले पाच किलोमीटर इतके सोपे वाटले पाहिजेत की लाज वाटावी. बाजूने लोक सुसाट जातील, बँड वाजत असेल, आणि आठवडाभर विश्रांती घेतलेले पाय ५:२०ला ५:४५ समजतील. पट्टीवरचे २८:५० म्हणजे २८:५०. तुम्ही २७:३०ला पोहोचलात तर ती कमाई नाही, व्याजाने काढलेलं कर्ज आहे. विश्वविक्रमाच्या दिवशी किप्टमची पहिली हाफ ६०:४८ आणि दुसरी ५९:४७ होती.

पाच ते एकवीस हा कंटाळवाणा भाग, आणि तो कंटाळवाणाच असावा. वळणाची आतली कड, पाटी, बटण, जेल. पहिलं जेल अर्ध्या तासाला, भूक नसताना. मग दर २५-३० मिनिटांनी. बहुतेक जेलमध्ये २० ते ३० ग्रॅम कर्बोदकं असतात आणि तासाला ५०-६० ग्रॅम पोटात गेली पाहिजेत. चार तासांसाठी आठ-नऊ जेल होतात, ती ठेवायची कुठे हे लाँग रनमध्येच ठरवा. पोटाला सराव नसेल तर हा आकडा शर्यतीत गाठता येत नाही.

पाण्यासाठी पहिल्या टेबलावर झुंबड असते, शेवटच्याकडे जा. कागदी पेला वरून चिमटा, चोच तयार होते, दोन घोट नाकात न जाता पिता येतात. तहानेप्रमाणे प्या, त्याहून जास्त नाही. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं आढळलं होतं. त्यांच्यात शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेले, बरेच होते. वेदनाशामक गोळी खाऊन पळू नका. शरीरात पाणी कमी असताना इब्युप्रोफेनसारखी औषधं मूत्रपिंडावर ताण देतात.

एकवीस ते बत्तीस हा माझ्या मते शर्यतीचा खरा गाभा. इथे पेस तोच ठेवायला कष्ट वाढवावे लागतात, आणि ते वाढवायचे हे लक्षातच येत नाही. पाय आपोआप ५:४५, ५:४८वर घसरतात. प्रत्येक पाटीपाशी बटण दाबण्याचा खरा उपयोग या अकरा किलोमीटरांत होतो: तीन-चार सेकंदांची घसरण लगेच दिसते आणि लगेच भरून काढता येते. पाच किलोमीटरांनी दिसली तर येत नाही. चढावर मात्र पेस धरून ठेवू नका, दम धरा. चढाला दिलेले दहा सेकंद उतारावर सात-आठ परत देतात.

तिसाव्या किलोमीटरला एकदा प्रामाणिक हिशोब. पट्टीवर असाल किंवा अर्ध्या मिनिटाने मागे, तर लक्ष्य जिवंत आहे. दोन मिनिटं मागे असाल तर उरलेल्या बारा किलोमीटरांत प्रत्येकी दहा सेकंद काढायचे आहेत. पाय ताजे असतील तर करा, नाहीतर तिथेच दुसरं लक्ष्य घ्या आणि त्याचा पेस धरा. या जागी बदललेलं लक्ष्य मिळतं, ३७ला बदललेलं सहसा मिळत नाही.

पस्तीसनंतर सांगण्यासारखं थोडंच आहे. नजर दहा-पंधरा पावलांवरच्या पाठीवर, हात थोडे जोरात, पावलं आखूड आणि भराभर. पिंढरीत गोळा आला तर दहा-पंधरा सेकंद चाला, ताण द्या, निघा. पण छातीत दुखणं, गरगरणं, गर्मीत अंगावर काटा येणं किंवा आपण कुठे आहोत हे न उमगणं, यांपैकी काही झालं तर घड्याळ बंद करून वैद्यकीय तंबू गाठा. त्याला पर्याय नाही.

आणि फिनिशच्या मॅटवरून दोन्ही पाय गेल्यावरच बटण दाबा. अधिकृत फोटोत अर्धे लोक मनगटाकडे बघत असतात, मीही त्यातलाच.

रेषेपलीकडे

थांबू नका, बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, अंगावर उबदार काहीतरी घ्या, तासाभरात गोड आणि खारट दोन्ही खा. घरच्यांना भेटायची जागा आदल्या दिवशीच नक्की करा. त्या गर्दीत फोन लागेलच असं नाही.

रात्री झोपण्यापूर्वी अधिकृत निकालातले पाच-पाच किलोमीटरचे आकडे वहीत उतरवून घ्या, घड्याळातले नव्हे. पुढच्या वेळचं लक्ष्य याच पानावरून ठरेल. माझ्या त्या ४:०१:२०च्या पानावर पहिल्या ओळीत लिहिलेलं आहे: ५ किमी, २६:५०.